सोळामधला एक : तिसरी-चौथीच्या वर्गातल्या स्थानिक किमतीच्या नोंदी

शाळा सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्व भागातली. जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात. बरीच मुले घरी कन्नड बोलतात. प्रकल्पाचा प्रश्न एवढाच : संख्येतला प्रत्येक अंक किती किमतीचा, हे मुलांना खरोखर कळते का, आणि कळत नसेल तर नेमके कुठे अडते. मुलांची नावे गाळली आहेत.

२ जुलै २०२४

आधी नेहमीचे विचारून घेतले. "सोळामध्ये एकची स्थानिक किंमत किती?" सगळा वर्ग एका सुरात, "दहाऽऽ". एकक-दशकाचा तक्ता भरायला दिला, तोही बिनचूक भरला. या दोन गोष्टींवर मूल्यमापन केले असते तर प्रकल्प आजच संपला असता.

मग एकेकाला व्हरांड्यात बोलावले. सोळा चिंचोके पुढे ठेवले, मोजायला लावले, कागदावर १६ लिहून घेतले. ६ भोवती पेन्सिलीने गोल केला. "एवढे चिंचोके दाखव." सहा निघाले. मग १ भोवती गोल. "आता एवढे." तिसरीच्या जवळजवळ सगळ्या मुलांनी एक चिंचोका उचलला. चौथीतल्याही बऱ्याच जणांनी. उरलेल्या नऊंचे काय, असे विचारल्यावर कोणी गोंधळले, कोणी म्हणाले, "ते राहिलेले." एका मुलाने तोंडाने "दहा" म्हटले आणि हाताने एक दिला. त्याला त्यात काही विसंगत वाटले नाही.

चौथीतल्या एका मुलीने मात्र दहा मोजून दिले, रिकाम्या फरशीकडे बघितले आणि म्हणाली, "काहीच उरलं नाही. म्हणजे बरोबर."

प्रश्न माझा नव्हे. बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या विचारांच्या आधारे बालगणितावर काम करणाऱ्या कॉन्स्टन्स कामी यांनी अमेरिकेतल्या मुलांना हाच विचारला होता, आणि तिथेही पुष्कळ मुलांनी एकच वस्तू दाखवली होती. तेव्हा दोष आमच्या गावाचा, भाषेचा किंवा पालकांच्या अडाणीपणाचा असल्याचे केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठकीत कोणी म्हटले, तर हे सांगायला बरे पडेल.

४ जुलै

संख्यालेखन, श्रुतलेखनासारखे. चुका विखुरलेल्या नाहीत, त्यांचे सरळ तीन ढीग पडतात.

पहिला ढीग : सत्तावीस ऐकून ७२. सात आधी ऐकू येतो, वीस नंतर. हात कानाच्या मागे जातो.

दुसरा ढीग : एकोणतीस ऐकून ३९. कानात "तीस" वाजते, म्हणून ३ लिहिला जातो, आणि "एकोण" म्हणजे नऊ असतो एवढे मुलांनी स्वतःच हेरलेले असते. तर्क वाईट नाही. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा प्रकार आठ वेळा येतो आणि नव्व्याण्णवला मोडतो.

तिसरा ढीग : तीनशे पाच ऐकून ३००५. याच्याकडे वेगळे बघावे लागेल.

मग एक गंमत करून बघितली. कन्नड येणाऱ्या मुलांना त्याच संख्या कन्नडमधून सांगितल्या. माझे कन्नड कामचलाऊ आहे, मुले हसली. इप्पत्तेळु, म्हणजे वीस आणि सात. एप्पत्तेरडु, म्हणजे सत्तर आणि दोन. इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ. पहिले दोन ढीग जवळपास नाहीसे झाले. तीच मुले, तोच तास, तीच पाटी.

इथे २०१९ आठवणारच. त्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "सत्तावीस"च्या जोडीला "वीस सात" असे वाचन दिले आणि जूनमध्ये त्यावरून विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावे काढलेली नाहीत, मुलांना सोपे जावे म्हणून दुसरी वाट दिली आहे. टिंगल करणाऱ्यांपैकी कितीजणांनी आठ वर्षांच्या मुलाला एकोणऐंशी लिहायला सांगून पाहिले असेल, कोण जाणे.

तरी त्या वादातल्या दोन्ही बाजूंना आवडणार नाही अशी एक गोष्ट आज दुपारी दिसली. इप्पत्तेळु ऐकून २७ झटकन लिहिणाऱ्या एका मुलाला सत्तावीस चिंचोके दिले आणि २ भोवती गोल केला. त्याने दोन चिंचोके दिले. नाव सरळ असले की लिहिणे सरळ होते. दोनामागे वीस उभे आहेत हे नावातून आपोआप कळत नाही. म्हणून नावांचा सराव रोज पाच मिनिटे चालू ठेवायचा, पण प्रकल्पाचा मुख्य भाग तो नव्हे.

८ जुलै

साहित्य जमवले. खराट्याच्या काड्या एकसारख्या तोडून घेतल्या (नवा खराटा अर्ध्यावर आला, स्वयंपाकाच्या मावशींनी दिवसभर अबोला धरला), शेरभर चिंचोके, बारीक रबरांचे पाकीट, प्लॅस्टिकच्या ताटल्या. तुराट्या जाड पडतात, दहा एका मुठीत मावत नाहीत. गणित पेटीतले ठोकळे आहेत, पण दशकाचा दांडा आयता चिकटवलेला येतो. दहा एकत्र बांधण्याचे काम मुलाच्या हाताने झालेले नसते, म्हणून तो सध्या पेटीतच राहू दे.

काड्यांचा मोठा ढीग गटागटात वाटला आणि फक्त "किती आहेत?" एवढे विचारले. जवळजवळ सगळे गट एक-एक करून मोजत बसले. मधेच खिचडीची सुट्टी झाली. परत आल्यावर कुठपर्यंत आलो होतो ते कोणालाच आठवेना. फक्त एका गटाने दहा-दहाचे ढीग लावून ठेवले होते, ते बसले आणि पुढे मोजू लागले. बाकीच्यांनी हे बघितले. मी काही बोलले नाही. दहाचे गट का करायचे याचे कारण त्यांना माझ्या भाषणापेक्षा खिचडीने चांगले सांगितले.

नावेही त्यांनीच ठरवली. सुटी ती काडी, दहांची जुडी, दहा जुड्यांची मोळी. कोथिंबिरीची जुडी आणि सरपणाची मोळी सगळ्यांच्या घरची. एकक, दशक, शतक हे शब्द फळ्यावर बाजूला लिहून ठेवले आहेत, पण बोलायला सध्या हेच.

१६ जुलै

"मोळी कोणाची आधी" हा खेळ गेला आठवडाभर चालला आहे. दोन फासे टाकायचे, जेवढे दान तेवढ्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की रबर लावलेच पाहिजे. न लावता पुढचे दान टाकले तर पाळी जाते. शेजारचा गट डोळ्यांत तेल घालून बघत असल्याने मला पंच व्हावे लागत नाही.

आजपासून उलटा खेळ. प्रत्येकाकडे एक मोळी, फाशांवर पडेल तेवढ्या काड्या परत द्यायच्या. पहिल्याच दानाला सगळे थांबले. सात द्यायच्या आहेत आणि सुटी एकही नाही. एका मुलीने मोळीतून सात काड्या ओढून काढायचा प्रयत्न केला. शेजारचा म्हणाला, "अगं, आधी मोळी सोड, मग एक जुडी सोड." वजाबाकीतले "उसने घेणे" हेच. पण इथे कोणी कोणाकडून उसने घेत नाही, आपलीच जुडी आपण सोडतो. हा शब्द वर्गात वापरायचा नाही असे मी ठरवले आहे. उसने घेतलेले परत करायचे असते, आणि एका मुलाने गेल्या वर्षी मला ते प्रामाणिकपणे विचारलेही होते.

२६ जुलै

काड्यांवरून खेळातल्या नोटांवर आलो. वरवर पाहता सोपी पायरी, पण बरीच मुले इथेच घसरली. का ते नीट लिहून ठेवते, कारण सहसा या दोन गोष्टी एकच समजून शिकवल्या जातात.

जुडीत दहा काड्या दिसतात. शंका आली तर रबर काढून मोजता येतात. दहाच्या नोटेत दहा रुपये दिसत नाहीत. ती दहांच्या बदल्यात मिळालेली एक वस्तू आहे. बांधणे वेगळे, बदलून घेणे वेगळे. एका मुलाने दहा नाणी देऊन एक नोट घ्यायला साफ नकार दिला. "दहा देऊन एकच?" त्याला गिऱ्हाईक म्हणून दुकानात पाठवले असते तर त्याने नोट खुशीने घेतली असती. वर्गातला कागद म्हणून त्याचा विश्वास बसेना. बरोबरच आहे त्याचे.

तोडगा : प्रत्येक नोटेमागे एक आठवडा एक जुडी पुराव्याला ठेवायची. बदलताना जुडी दाखवायची, नोट घ्यायची. हळूहळू जुडी मागणारे कमी झाले. वीस आणि पन्नासच्या नोटा खेळातून काढून टाकल्या आहेत, दोन आणि पाचची नाणीही. व्यवहारात त्या हव्यातच, पण दहा-दहाने चढणारी शिडी दाखवायची असताना त्या अडथळा करतात.

६ ऑगस्ट

आज खरी स्थानिक किंमत सुरू झाली. आतापर्यंत काडी, जुडी आणि मोळी दिसायलाच वेगळी होती. नोटांचेही तसेच, रंग वेगळे. त्यांना स्थानाची गरजच नाही. जुडी कुठेही ठेवली तरी दहाचीच. मुले हे सगळे उत्तम करतात आणि आपल्याला वाटते, स्थानिक किंमत आली.

म्हणून आज फक्त चिंचोके. सगळे सारखे. तीन ताटल्या ओळीत : मोळ्यांची, जुड्यांची, सुट्यांची. ज्या ताटलीत पडला त्या किमतीचा चिंचोका. एक चिंचोका उचलून एका ताटलीतून दुसरीत ठेवला तेव्हा "आत्ता दहा होता, आता शंभर झाला" हे मुलांनी मोठ्याने म्हटले. चिंचोका तोच.

मग कोडे. तीन चिंचोके, तीन ताटल्या, तिन्ही चिंचोके वापरायचेच. किती वेगवेगळ्या संख्या बनतात? आधी सगळ्यांना तीन-चार वाटल्या. तासाच्या शेवटी फळ्यावर दहा होत्या : ३००, २१०, २०१, १२०, १११, १०२, ३०, २१, १२, ३. तिसावर भांडण झाले. एक गट ०३० लिहा म्हणत होता, कारण मोळ्यांची ताटली "आहे पण रिकामी आहे". दुसरा गट म्हणाला, तिसाच्या पुढे कोणी शून्य लिहिते का? मी निवाडा दिला नाही, फक्त विचारले की ते शून्य पुसले तर तिसाच्या किमतीत काय बदलेल, आणि शेवटचे पुसले तर?

चौथीतल्या दोघांनी आणखी पुढचे पाहिले. ३०० आणि २१० मध्ये नव्वदचा फरक. २१० आणि २०१ मध्ये नऊचा. "बाई, जवळच्या ताटलीत सरकवला की नऊ नाहीतर नव्वदच येतात." दहाचा एक झाला की नऊ कमी होतात, शंभरचा दहा झाला की नव्वद. हे मी योजलेले नव्हते. मधली सुट्टी पंधरा मिनिटे उशिरा झाली.

१३ ऑगस्ट

तिसरा ढीग. तीनशे पाच = ३००५.

मूल ऐकते ते लिहिते : तीनशे म्हणजे ३००, पाच म्हणजे ५, म्हणून ३००५. यात समज कमी नाही. उलट तीनशे म्हणजे ३०० हे त्याला पक्के माहीत आहे. त्याला हे माहीत नाही की पाच हा ३०० च्या मागे नाही, त्याच्या शेवटच्या शून्यावर जाऊन बसतो.

त्यासाठी पुठ्ठ्याची संख्याकार्डे केली. शतकाचे कार्ड तीन घरांचे, दशकाचे दोन घरांचे, एककाचे एका घराचे. उजवी कड जुळवून एकावर एक ठेवायची. ३०० वर ४० वर ६ ठेवले की ३४६ दिसते. वरची कार्डे उचलली की खालची शून्ये पुन्हा दिसतात. ३०० वर ५ ठेवले की मधले शून्य उघडे राहते आणि मुले म्हणतात, "दशकाचे कार्ड आलेच नाही." विस्तारित मांडणी, ३०० + ४० + ६, जी पुस्तकात एक ओळ असते, ती इथे हाताने उलगडता येते. पुठ्ठा आणि कात्रीच्या खर्चात याहून कामाचे साधन मी पाहिलेले नाही. कार्ड फाटले की मुले स्वतः नवे करतात, आणि घरे सारखी आखली नाहीत तर संख्या बसत नाही, हेही त्यांनाच कळते.

चौथीला थोडा इतिहास सांगितला. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात ब्राह्मी आकडे कोरलेले आहेत. तिथे दहाला वेगळे चिन्ह, शंभराला वेगळे, हजाराला वेगळे. आपल्या काडी-जुडी-मोळीसारखे, चिन्हावरूनच किंमत कळते. त्यामुळे शून्य नाही, लागतही नाही. पुढे ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इसवी सन ८७६ च्या लेखात २७० आणि ५० हे आकडे आजच्या पद्धतीने, शून्य घालून लिहिलेले दिसतात. २७० हात लांबीची फुलबाग आणि देवाला रोज ५० हार. एका मुलीने विचारले की नाणेघाटातल्या लोकांना हिशेब येत नव्हता का? येत होता. पण ताटल्या नव्हत्या, चिन्हे होती.

२८ ऑगस्ट

बेरीज-वजाबाकी. यावर जास्त लिहिते.

४७ + ३८ = ७१५. चार आणि तीन सात, सात आणि आठ पंधरा. हे उत्तर देणाऱ्या मुलाला "हातचा विसरलास" म्हणणे सोपे आहे, पण त्याने काही विसरलेले नाही. त्याने दोन स्वतंत्र बेरजा केल्या आणि शेजारी-शेजारी ठेवल्या. काड्या घेऊन करायला लावले तर तोच मुलगा सात जुड्या आणि पंधरा सुट्या बघून, न सांगता, दहांना रबर लावतो. हाताला येते ते कागदावर येत नाही. म्हणून गेले दोन आठवडे कागदावरचे प्रत्येक पाऊल काड्यांशेजारी लिहायचे, एक मूल काड्या हलवते, दुसरे लिहिते, मग अदलाबदल. हातचा म्हणून वर लिहिलेल्या १ ला आता काही मुले "नवी जुडी" म्हणतात.

५२ − २७ = ३५. पाचातून दोन गेले तीन, आणि दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन. लहानातून मोठा जात नाही असे आपणच कधीतरी शिकवलेले असते.

इथे मला जे कळीचे वाटते ते म्हणजे ५२ फक्त "पाच जुड्या, दोन सुट्या" नसतात. चार जुड्या आणि बारा सुट्या, तीन जुड्या आणि बावीस सुट्या, हेही ५२ च. तक्त्यात एका खान्यात एकच अंक बसतो, म्हणून पहिलीच मांडणी खरी आणि बाकीच्या चुकीच्या असे मुलांच्या डोक्यात बसते. एक पूर्ण तास "५२ किती प्रकारे ठेवता येतील" एवढ्यावर घालवला. जुडी सोडली तरी एकूण बदलत नाही याची काहींना दर वेळी मोजून खात्री करून घ्यावी लागली. मोजू दिले.

मग चौथीला ४०० − १३६. या गणितात मधली दोन शून्ये ओलांडताना "शून्याचे नऊ कसे झाले" हा दरवर्षीचा प्रश्न. काड्यांवर तो प्रश्नच येत नाही : एक मोळी सोडली, दहा जुड्या झाल्या. त्यातली एक सोडली, नऊ जुड्या आणि दहा सुट्या. तीन, नऊ, दहा. त्यातून एक, तीन, सहा काढले. दोन, सहा, चार.

याच ओघात ३४६ लिहून विचारले, "यात जुड्या किती?" सगळे म्हणाले, चार. मी म्हटले, मोळ्यांच्या आतल्या कुठे गेल्या? थोडा वेळ शांतता, मग मोजणी : तीन मोळ्यांत तीस, वर चार, चौतीस. दशकस्थानचा अंक चार आणि एकूण दशक चौतीस, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. परीक्षेत पहिलाच येतो. भागाकाराला दुसरा लागतो.

१२ सप्टेंबर

तिसरीतल्या एका मुलाचे आजोबा कडब्याचा व्यवहार करतात. त्यांना वर्गात बोलावले. आमच्याकडे रब्बी ज्वारीचा कडबा शेकड्यावर विकला जातो, भाव शंभर पेंढ्यांचा असतो. गाडी भरताना हजार-बाराशे पेंढ्या मोजायच्या, माणसे बोलत असतात, बैल हलत असतात, तरी चूक का होत नाही, असे मुलांनी विचारले.

आजोबा म्हणाले, "पाच-पाच पेंढ्या उचलायच्या. इस वेळा उचललं की शंभर. शंभर झालं की एक खडा बाजूला ठेवायचा आन् पुन्यांदा एकापासून. बारा खडं झालं की बाराशे. मदी कुनी बोलावलं तर खडं जाग्यावरच हायती."

"आजोबा, खडा हरवला तर?"

"तर शंभर पेंढ्या गेल्या की, पोरा. म्हणून खडं धोतराच्या सोग्यात."

वीस हा त्यांच्या मोजणीत मधला टप्पा आहे, आमच्या ताटल्यांत तो नाही. मुलांना यातून घोटाळा होईल असे वाटले होते. झाला नाही. खडा म्हणजे मोळी, हे त्यांनी लगेच धरले. पैशाचा हिशेब आजोबांनी तोंडी केला आणि चौथीच्या मुलांनी पाटीवर. आजोबांचा आधी झाला.

२४ सप्टेंबर

सोळा चिंचोक्यांचा प्रश्न पुन्हा, या वेळी २४ घेऊन, म्हणजे पाठ झालेले उत्तर चालू नये. तिसरीतल्या बहुतेकांनी २ साठी वीस दिले, काहींनी दहा-दहाचे दोन ढीग लावून. तिघे-चौघे अजून दोनच देतात. त्यातले दोघे पावसाळ्यात फार गैरहजर होते, एक मात्र रोज येतो, खेळात जिंकतोही. त्याच्याबरोबर काड्या आणि ताटल्या यांच्या मधल्या पायरीवर पुन्हा थांबावे लागेल : जुडी उचलून जुड्यांच्या ताटलीत ठेवायची आणि मग जुडी काढून तिच्या जागी चिंचोका.

एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशीचा गोंधळ अजून आहे. त्याला समजेपेक्षा सराव लागतो, तो चालू आहे.

२६ नोव्हेंबर

प्रथम सत्राची परीक्षा, दिवाळी आणि मग विधानसभा निवडणुकीचे काम. नोंदींत मोठा खंड.

सुट्टीनंतर मुलांच्या तोंडी मतांचे आकडे होते, टीव्हीवर पाहिलेले. म्हणून चौथीला ताटल्या वाढवून दिल्या : हजार, दशहजार, लाख. तिसरी बाजूला ९९९ मध्ये एक मिळवून बघत होती. एकेका ताटलीतले नऊ, दहा होऊन ओसंडत ओसंडत डावीकडे जातात हे पाहायला त्यांना फार मजा आली.

२०११ च्या जनगणनेतली आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या फळ्यावर लिहिली : २८,२२,१४३. स्वल्पविराम शेवटच्या तीन अंकांनंतर एकदा आणि पुढे दोन-दोनावर का, असे एकाने विचारले. आपल्याकडे हजारानंतरची नावे शंभर-शंभर पटीने बदलतात : हजार, लाख, कोटी. स्वल्पविराम त्या नावांच्या जागी पडतो. एकाने माझ्या मोबाइलवर तीच संख्या टाकून बघितली, तिथे स्वल्पविराम वेगळ्या जागी होते, तीन-तीनावर. अंक तेच, क्रम तोच, किंमत तीच. वाचायला थांबायची ठिकाणे बदलली. या वयाला एवढे पुरे.

१० डिसेंबर

चौथीचा गुणाकार सुरू. "दहाने गुणले की शून्य लावा" हा नियम वर्गात आधीच कुठून तरी आला आहे, बहुधा मोठ्या भावंडांकडून. उत्तर बरोबर येते, म्हणून तो काढून टाकता येत नाही. पण दशांश अपूर्णांक आले की याच नियमाने २.५ चे २.५० होते आणि मूल म्हणते, दहाने गुणले.

म्हणून ताटल्या पुन्हा काढल्या. ३४ : तीन जुड्या, चार सुट्या. दहापट करायचे म्हणजे प्रत्येक काडीच्या जागी जुडी, प्रत्येक जुडीच्या जागी मोळी. चिंचोके एक-एक ताटली डावीकडे सरकतात. सुट्यांची ताटली रिकामी होते, ती रिकामी आहे हे दाखवायला शून्य. म्हणजे शून्य कोणी लावले नाही, अंक सरकले. तीन मुलांनी हे आपल्या शब्दांत वहीत लिहिले, बाकीचे "शून्य लावायचे" हेच म्हणत राहिले. जानेवारीत पुन्हा.

तेवढ्यात, ऑगस्टमध्ये नऊ-नव्वदचा फरक हेरणाऱ्या जोडीतल्या एकाने विचारले, दहाने भागले तर उजवीकडे सरकतील का? ३४० घेऊन केले, सरकले. मग त्याने स्वतःच ३४५ घेतले. मोळ्या जुड्यांत आल्या, जुड्या सुट्यांत आल्या, आणि पाच चिंचोके हातात राहिले. उजवीकडे ताटलीच नाही. तो म्हणाला, "एक ताटली अजून लागेल. काडीचे दहा तुकडे करायचे."

तूर्त फळ्यावर "बाकी ५" लिहून पुढे गेलो. दशांश अपूर्णांक पाचवीत आहेत आणि आमची शाळा चौथीपर्यंतच. मुले पुढे ज्या शाळेत जातात तिथल्या सरांना काड्या-ताटल्यांचा एक संच हवा का, हे केंद्राच्या बैठकीत विचारायचे आहे. खराटा मात्र त्यांचा त्यांनी आणावा.